अडकलेल्या निरोपांच्या मॅडम

मॅडमसमोर ‘डेड’ म्हणायची सोय नव्हती. मी नागपूरच्या ऑफिसात रुजू झाले त्या दिवशी दुपारपर्यंत तो शब्द माझ्या तोंडून तीनदा गेला, आणि तिसऱ्यांदा त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

“मेलेले नाही म्हनाचं वं,” त्या म्हणाल्या. “अडकलेले म्हन.”

शब्द माझा नव्हता, सॉफ्टवेअरचाच होता. आमची कंपनी रक्ततपासणीचे रिपोर्ट प्रयोगशाळांतून दवाखान्यांपर्यंत पोचवायचं काम करायची. कागदावर नाही, कॉम्प्युटरवरून. प्रयोगशाळेतल्या यंत्रानं रिपोर्ट दिला की त्याचा एक मेसेज व्हायचा. तो मेसेज त्या त्या दवाखान्याच्या रांगेत जाऊन उभा राहायचा, आणि दवाखान्याचा कॉम्प्युटर रांगेतून एकेक उचलून घ्यायचा. गोंदियात लाइट गेली की गोंदियाची रांग वाढायची, लाइट आली की ओसरायची. अशा पन्नासेक रांगांवर लक्ष ठेवणं हे मॅडमचं काम होतं आणि त्या दिवसापासून माझंही. एखादा मेसेज दवाखान्याच्या कॉम्प्युटरला समजला नाही, कोड चुकला, नावाच्या जागी काही भलतंच आलं, तर तो परत यायचा. पाच वेळा परत आला की सॉफ्टवेअर त्याचा नाद सोडायचं आणि त्याला एका वेगळ्या रांगेत टाकून द्यायचं. त्या रांगेचं नाव ‘डेड लेटर’. सगळीकडे तेच नाव आहे. मॅडमच्या टेबलावर मात्र ते चालायचं नाही.

ही रांग बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा एका बटणासरशी रिकामी करतात. त्यात निम्मे दोनदा आलेले मेसेज असतात, उरलेल्यांत चाचणीचा कचरा. मी पुण्यात चार वर्षं हेच करत आले होते. मॅडम एकेक उघडून वाचायच्या. पेशंटचं नाव, वय, तपासणी, आकडा, पत्ता. कशामुळे अडकला ते शोधायच्या, दुरुस्त करायच्या आणि पुन्हा रांगेत लावायच्या. पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, “मॅडम, एवढं करायची गरज असते का? रिपोर्ट मिळाला नाही तर दवाखाना फोन करेलच की.”

“कराले पाहिजे,” त्या म्हणाल्या. “पन लोकायले वाटते, रिपोर्ट आला नाही म्हंजे सारं चांगलंच असन.”

मला वाटलं, यामागे काहीतरी असणार. घरातल्या कुणाचा तरी रिपोर्ट कधीतरी अडकला असणार. ओळख थोडी वाढल्यावर मी तसं विचारलंही. त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं.

“नाही वं. माह्या घरी कोनाले काई झालं नाही. कोनाचं तरी आहे नं ते, म्हनून वाचतो आपन.”

पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, काटकुळ्या. सुती साडी आणि मनगटावर मोठ्या तबकडीचं पुरुषी घड्याळ. ऑफिसातला एसी सर्व्हरसाठी कडक ठेवलेला असे, म्हणून त्यांच्या पायांत बाराही महिने लोकरीचे मोजे. मे महिन्यात बाहेर माणसं तोंडाला दुपट्टा बांधून सावली शोधत असत आणि आमच्या मॅडम आत मोजे वर ओढत बसलेल्या. जेवणाची वेळ अकरा चाळीस. सकाळचे नमुने तपासून झाले की बारापासून रिपोर्टांचा लोंढा सुरू होई, त्याच्या आत त्यांचं जेवण उरकलेलं असे. त्या वेळी जेवायला दुसरं कुणी नसायचं. मी एकदोनदा डबा घेऊन सोबत बसले, तर त्या संकोचल्या. जेवताना बोलायचं असतं हे त्यांच्या अंगवळणीच पडलेलं नव्हतं. मी पुन्हा बसले नाही.

फोनवर मात्र या बाई वेगळ्या. त्यांच्या टेबलावर जुना, वायरचा फोन होता. मेसेज का अडकला हे विचारायला त्या थेट दवाखान्यात फोन लावत. समोर असे तिथला कॉम्प्युटर ऑपरेटर, कुठे कंपाउंडर, कुठे एखादी नर्स. भंडारा, तुमसर, उमरेड, हिंगणघाट. “कोन, दादा का? नागपूरहून मॅडम. तुमी दवाखान्याचा कोड बदलला का गा?” असं सुरू झालेलं बोलणं पुढे मुलाची दहावी, बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन, संत्र्याला आलेला बहर असं फिरून वीस मिनिटांनी संपायचं. सगळ्यांची मुलंबाळं त्यांना ठाऊक. त्यातल्या एकालाही त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. त्या लोकांनाही यांचं नाव माहीत नव्हतं. फोन उचलला की तिकडून यायचं, “नागपूरच्या मॅडम का?”

मी साताऱ्याची. नागपुरात माझं कुणी नव्हतं. धरमपेठेत एका बंगल्याच्या गच्चीवरची खोली मिळाली होती. घरमालकीण भली होती, पण आम्हाला एकमेकींचं बोलणं अर्धंच समजायचं. पहिल्या आठवड्यात तिनं ‘सांबार घेऊन ये’ म्हटलं तर मी हॉटेलात जाऊन सांबार घेऊन आले, आणि तिला हवी होती कोथिंबीर. रविवारी खोलीत पंख्याचा आवाज ऐकत पडून राहायचं, संध्याकाळी बाजारपेठेतून चक्कर मारून यायचं, एवढंच. अशाच एका रविवारी, दिवाळीच्या तोंडावर, मला मिठाईच्या दुकानासमोर मॅडम दिसल्या. दुकानाबाहेर माणसांची नुसती झुंबड, जो तो हात लांबवून ओरडतोय. मॅडम मागे उभ्या राहून दोन मिनिटं ते बघत होत्या. मग त्या पुढे झाल्या आणि सरळ लोकांना हाताला धरून लावायला लागल्या.

“तुमी कवा आले? मंग तुमी यायच्या मांगं. काकू, तुमी पह्यले. दादा, तुमाले घाई आहे, मले दिसून राहिलं, पन काकूले बी आहे.”

गंमत म्हणजे कुणी भांडलं नाही. दहा मिनिटांत फुटपाथवर पार कोपऱ्यापर्यंत सरळ रांग उभी राहिली आणि दुकानदारानं आतून हात जोडले. मग मॅडम रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी पावभर चिवडा घेतला.

“एवढाच?” मी विचारलं.

“एकटीले किती लागते वं?” त्या म्हणाल्या, आणि हुडकेश्वरची बस चुकेल म्हणून लगबगीनं निघून गेल्या. हुडकेश्वरला त्यांचं स्वतःचं घर आहे, एवढं मला माहीत होतं. ‘ये कधी’ असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही विषय काढला नाही.

एक गोष्ट मी केली, ती करायला नको होती.

आमच्याकडे सकाळी साडेनऊला प्रत्येक रांगेतून एक चाचणीचा मेसेज सोडायचा असे, रस्ता मोकळा आहे ना ते बघायला. तो पलीकडे पोचला की तिकडचा प्रोग्रॅम ‘पोचला’ म्हणून खूण करतो आणि मेसेज टाकून देतो. त्यात काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. आम्ही सगळे ‘टेस्ट’ लिहायचो. एकदा मॅडम तीन दिवस तापानं आजारी होत्या आणि त्यांचं काम माझ्याकडे आलं. एक चाचणी पोचली नव्हती म्हणून मी मागची नोंद उघडली. सॉफ्टवेअर आठवडाभराची नोंद ठेवतं. त्यात मॅडमनी सोडलेले मेसेज होते.

‘आज वांगं किडकं निघालं.’

‘कुंपणापाशी मुंगूस दिसलं. माझ्याकडे पाहत उभं होतं.’

‘बाजूच्या प्लॉटवर कोणी राहायला आलं वाटलं, पण मोजणीवाले होते.’

‘घसा दुखून राहिला. काल दिवसभर ऑफिस सोडून कोणाशी बोलली नाही, तरी दुखते.’

रोजचा एक. रोज त्या कुठल्याशा रांगेतून हे पाठवत होत्या आणि पलीकडचा प्रोग्रॅम ते टाकून देत होता. मी आठवड्याचे सगळे वाचले आणि नोंद बंद केली. माझ्या खोलीतले रविवार मला आठवले. मला वाटलं, या बाईंना कुणीतरी उत्तर द्यायला हवं.

त्या परत आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याआधी ऑफिसात गेले आणि त्या चाचणी सोडायच्या त्या रांगेत, त्या उघडतील तेव्हा समोर दिसेल असा, एक मेसेज ठेवला: ‘मुंगूस परत आलं का?’

त्या आल्या, मोजे घातले, रांग उघडली. मी माझ्या स्क्रीनकडे बघत होते, पण कान तिकडे होते. बराच वेळ कळफलकाचा आवाज आला नाही. मग दोनचार कळा वाजल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. दुपारी मी नोंद उघडली तर त्यांचा त्या दिवसाचा मेसेज होता: ‘टेस्ट’.

दुसऱ्या दिवशी ‘टेस्ट’. महिनाभरानंतर पाहिलं, तरी ‘टेस्ट’. मी चांगल्या मनानं केलं होतं, पण त्यांची बोलायची ती एक जागा माझ्यामुळे बंद झाली. माफी तरी कशी मागायची? माफी मागायची तर वाचलं हे कबूल करायला हवं, आणि ते आम्ही दोघींनीही जाणूनबुजून न बोलायचं ठरवल्यासारखं झालं होतं. त्यांचं वागणं बदललं नाही. फक्त कधीकधी मी जवळून गेले की त्या स्क्रीनवरची खिडकी लहान करत.

दुसऱ्या वर्षी कंपनीनं जुनं सॉफ्टवेअर बंद करून नवं आणायचं ठरवलं. मुख्य ऑफिसातून एक प्रोजेक्ट मॅनेजर आले, तिशीतले, कामाला चोख आणि मनाने वाईट मुळीच नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं: शुक्रवारी संध्याकाळी जुनं बंद, त्याआधी सगळ्या रांगा रिकाम्या हव्यात. अडकलेल्यांची रांग तेव्हा हजारावर गेली होती, कारण नव्याच्या तयारीत महिनाभर मॅडमना वाचायला वेळ मिळाला नव्हता.

“काढून टाका,” साहेब म्हणाले. “जुन्याची घाण नव्यात नको.”

“चार दिवस द्या,” मॅडम म्हणाल्या.

“दोन.”

त्या दोन दिवसांत मॅडमनी अकरा चाळीसचं जेवणही सोडलं. मी मदतीला बसले. वाचता वाचता मला दिसलं की त्यांत बाळं बरीच आहेत. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला नाव नसतं. प्रसूतिगृहात त्याच्या नावाच्या जागी इंग्रजीत ‘बेबी ऑफ’ची दोन अक्षरं, मध्ये एक तिरकी रेघ आणि पुढे आईचं नाव असं लिहितात. दवाखान्यांच्या काही कॉम्प्युटरांना ती तिरकी रेघ समजायची नाही, की मेसेज परत. मॅडमना हे वर्षानुवर्षं माहीत होतं. त्या हातानं रेघ काढायच्या आणि पुन्हा पाठवायच्या. सॉफ्टवेअर सुधारा म्हणून त्यांनी कितीदा लिहिलं होतं.

शुक्रवारी दुपारी तीनशेच्या आसपास उरले होते. मॅडम एकीकडे तुमसरला फोन लावून, खांद्यानं रिसीव्हर दाबून, दुसरीकडे वाचत होत्या. साहेब माझ्या टेबलापाशी आले.

“तुमच्याकडे अधिकार आहेत ना? रिकामी करा. टीम वाट बघतेय.”

“मॅडम वाचतायत अजून.”

“त्या उद्यापर्यंत वाचतील. मी जबाबदार. करा.”

माझी कायम होण्याची ऑर्डर त्याच महिन्यात यायची होती. हे कारण मी कुणाला सांगितलं नाही, पण खरं कारण तेच. मी रांग निवडली, बटण दाबलं, ‘नक्की का?’ असं विचारल्यावर ‘हो’ वर दाबलं. आकडा शून्य झाला. साहेब ‘थँक यू’ म्हणून निघून गेले.

मॅडमनी फोन ठेवला. स्क्रीनवर खाली-वर केलं. पुन्हा केलं.

“गेलं,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, “वाचून राहिली होती वं मी. एक बाळ होतं. थायरॉइडचा आकडा लई मोठा होता.”

साहेबांनी केलं असं त्यांना वाटत असेल तर वाटू दे, असं माझ्या मनात आलं आणि मी ते तसंच राहू दिलं.

बाळ जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासतात. थायरॉइड कमी असेल तर हा आकडा उलट वाढतो; मग रोज एक छोटी गोळी द्यायची, मूल अगदी नीट वाढतं. पण ती पहिल्या दोनेक आठवड्यांतच सुरू करावी लागते. उशीर झाला तर मेंदूची वाढ खुंटते, आणि ते मग आयुष्यभर भरून निघत नाही. हे मला त्या संध्याकाळी मॅडमनीच सांगितलं, प्रयोगशाळेला फोन लावता लावता. त्यांना आईचं पहिलं नाव आठवत होतं आणि नमुना उमरेडहून आला हे आठवत होतं. तेवढ्यावर प्रयोगशाळेतल्या माणसानं त्याच्याकडची मूळ नोंद शोधून काढली. मुलगी. जन्माला अकरा दिवस झालेले. गावाचा पत्ता होता आणि एक मोबाइल नंबर, तो बंद. प्रसूतिगृहातली बाई म्हणाली, पेशंट केव्हाच घरी गेली, आमच्याकडे रिपोर्ट आला नाही म्हणजे नॉर्मलच असेल.

मॅडमनी रिसीव्हर ठेवला. “उद्या सकाळी मी जातो,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, पर्स भरता भरता, “तू येतं का?”

शनिवारी सकाळी दिघोरी नाक्यावर आम्ही उमरेडची एसटी पकडली. मॅडमनी खिडकी मला दिली. सगळ्या प्रवासात त्या रिपोर्टाची प्रिंट दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. उमरेडहून काळीपिवळी जीपनं त्या गावी गेलो. घर सापडलं. दारात बाळाच्या आईची सासू.

“सून इथं कुठची?” ती म्हणाली. “पह्यलं बाळंतपन, माहेरी आहे ते. भिवापूरकडे. तुमी कोन?”

“नागपूरहून आलो,” मॅडम म्हणाल्या.

“विमावाल्या का?”

“नाही.”

“मंग कोन?”

फोनवर ज्या बाईला पन्नास दवाखाने ओळखत होते ती त्या अंगणात प्रिंट हातात घेऊन उभी होती आणि आपण कोण हे तिला सांगता येत नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, “आम्ही रिपोर्टवाल्या.” सासूबाईंना ते पटलं नाही, पण त्यांनी माहेरचं गाव सांगितलं.

तिथे पोचेपर्यंत दुपार झाली. अंगणात लाल मिरच्या वाळत घातलेल्या होत्या, त्यांच्या वासानं मला शिंकांवर शिंका. बाळाच्या आजीनं आम्हाला पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली आणि आम्ही कोण हे विचारायच्या आत नात दाखवायला आणली.

“पोट्टी लई गुनाची आहे बाप्पा,” ती कौतुकानं म्हणाली. “रडतच नाही. दूध पेते न झोपते. शेजारचे म्हनतात, घरात लेकरू आहे का नाही तेबी समजत नाही.”

मॅडमनी बाळाकडे पाहिलं. त्याच्या गालाला बोटाच्या मागच्या बाजूनं हात लावला. बाळानं डोळे उघडले नाहीत.

“काकू,” त्या म्हणाल्या, “ते रडत नाही म्हनूनच आमी आलो. तिले आजच दवाखान्यात न्या लागते.”

आजीचा चेहरा उतरला. बाळाची आई आतून आली, विशीतली पोर, ओले केस तसेच. “काय झालं माह्या पोरीले?” मॅडम तिच्यासमोर खाली जमिनीवर बसल्या आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. एक छोटी गोळी. आईच्या दुधात कुस्करून. रोज. विसरायचं नाही. त्यांनी ते तीन वेळा, न घाबरवता, सावकाश सांगितलं. मी त्यांना ऑफिसात कधी एवढ्या मऊ आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. आई म्हणाली, “पन हे तुमाले कसं समजलं?” मॅडम म्हणाल्या, “वाचलं आमी.”

उमरेडच्या एका दवाखान्यात लहान मुलांचे डॉक्टर शनिवारी बसत. तिथल्या कॉम्प्युटर ऑपरेटरशी मॅडम गेली सहा वर्षं फोनवर बोलत होत्या. त्यालाच रस्त्यातून फोन केला आणि त्यानं डॉक्टरांना थांबवून ठेवलं. आम्ही सगळे, आई, आजी, बाळ आणि बाळाचा मामा, दवाखान्यात पोचलो तेव्हा तो फाटकातच उभा होता. चाळिशीचा, जाड भिंगाचा चष्मा.

“तुमीच का नागपूरच्या मॅडम?” त्यानं हसून विचारलं. “मले वाटलं तुमी चांगल्या जाडजूड असान. आवाज तसा आहे नं!”

मी हसले. मॅडमनी पायांकडे पाहिलं. त्याच्या मुलाला गणितात किती मार्क पडले हे त्यांना माहीत होतं, त्याच्या आईचा मोतीबिंदू कोणत्या डोळ्याचा हे माहीत होतं. आणि आता तो दोन हातांवर उभा असताना त्यांना शब्द सापडेना. त्यानं चहा आणवला. त्यांनी कप धरून ठेवला. तोही बिचारा गोंधळला. थोड्या वेळानं म्हणाला, “बोला नं मॅडम काहीतरी,” आणि त्या म्हणाल्या, “सोमवारी फोन करतो.”

डॉक्टरांनी पुन्हा रक्त घेतलं, पण निकालाची वाट न बघता गोळी सुरू केली. वेळेत आलात, म्हणाले. चारपाच दिवस आणखी गेले असते तर खात्री देता आली नसती. आजी रडायला लागली. बाळ झोपलेलंच होतं.

परतीच्या बसमध्ये मी दहा वेळा तोंड उघडलं. मॅडम, ते मी केलं. चार शब्द. दिघोरी नाका आला आणि त्या उतरल्या.

सोमवारी मुख्य ऑफिसातून सगळ्यांना मेल आला. जुनं सॉफ्टवेअर वेळेत बंद, अडकलेले शून्य, टीमचं अभिनंदन. त्यात माझं नाव होतं, मॅडमचंही. नव्या सॉफ्टवेअरवर लक्ष ठेवायचं काम दुसऱ्या शहरातून होणार होतं. मॅडमना कागदपत्रं लिहायच्या विभागात बसवलं. त्यांचा वायरचा फोन काढून नेला. त्या महिनाभर तिथे बसल्या आणि साहेबांच्या मागे लागून एकच गोष्ट करून घेतली: नव्या सॉफ्टवेअरमध्ये ती तिरकी रेघ चालेल अशी सोय. ती चालते हे स्वतः तपासून पाहिलं आणि राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम चारला ठेवला होता. त्या तीनलाच गेल्या. त्यांच्या टेबलाचा खण मी उघडून पाहिला, तर पुसून स्वच्छ केलेला होता.

माझी कायमची ऑर्डर आली. चारपाच महिन्यांनी मी ती नोकरी सोडून पुण्याला परत जायचं ठरवलं. नागपूर सोडायच्या आधीच्या शनिवारी मी त्यांना फोन केला आणि येऊ का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, “ये. जेवाले ये.”

हुडकेश्वरला त्यांचं घर वस्तीच्या पार टोकाला होतं. दोन खोल्या, पुढे फाटक, दोन्ही बाजूंना मोकळे प्लॉट. आत सगळं एकेक. एक खुर्ची, एक ताट. माझ्यासाठी दुसरं ताट शेजारून मागून आणलं होतं, ते त्यांनी आपण होऊन सांगितलं. मला खुर्चीवर बसवून त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि तव्यावरच्या पोळ्या थेट ताटात टाकू लागल्या. भरीत होतं, त्यात ठेचून घातलेली हिरवी मिरची. उमरेडचा ऑपरेटर अजून त्यांना फोन करतो म्हणाल्या, आता घरच्या नंबरावर. बाळाची खबर त्यानंच दिली होती.

“आता लई रडते म्हने,” मॅडम म्हणाल्या. “पूरा मोहल्ला जागा करते.” आणि हसल्या, अगदी मोकळ्या. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

आता नाही तर कधीच नाही, असं मला झालं.

“मॅडम, त्या दिवशी ते बटण मी दाबलं होतं.”

त्यांचा हात थांबला नाही. पोळी उलटली, कडा दाबल्या.

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “कोनी रिकामं केलं त्याचं नाव तिथंच येते नं वं. मी तवाच पाह्यलं.”

“तेव्हाच?”

“हाव.”

“मग तुम्ही मला काही बोलला नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी सोबत कशाला नेलंत?”

त्यांनी गॅस बारीक केला. पदराला हात पुसले. मला वाटलं, आता त्या मला बोलतील, आणि बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“अशी मी याच्या आंधी बी गेली आहे,” त्या म्हणाल्या. “आठ-दहा खेप. कोनाले सांगितलं नाही. एसटीत बसाचं, घर शोधाचं, दारात उभं राहाचं, कोन म्हनून विचारलं की गप राहाचं. येताना पुन्हा एकटी. कंटाळली होती वं मी.”

मी ताटाकडे बघत होते.

“तू केलं होतं, म्हंजे तू नाही म्हननार नाही, हे मले पक्कं माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “दुसरं कोन आलं असतं माह्यासंग?”

मग त्यांनी तव्यावरची पोळी काढून माझ्या ताटात टाकली, आणि गरम आहे तोवर खा म्हणाल्या.